मार्नर गेला, मॅथ्यूज राहिला : बारा वर्षांच्या मुलाला काय सांगायचं?

प्रश्न : आम्ही टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला राहतो. माझा मुलगा बारा वर्षांचा, टोरांटो मेपल लीफ्स या आइस हॉकी संघाचा कट्टर चाहता. ऑस्टन मॅथ्यूज आणि मिच मार्नर ही त्याची जोडी. ३० जून २०२५ ला मार्नर वेगासच्या संघात गेला, तेव्हापासून घरात सुतक असल्यासारखं आहे. १६ नंबरची मार्नरची जर्सी त्यानं कचऱ्याच्या पिशवीत कोंबली. मी ती गुपचूप काढून ठेवली. जुन्या सामन्यांचे तुकडे लागले की उठून जातो. त्याचे बाबा म्हणतात, "कोण कुठला मार्नर, तुझा मामा लागतो का?" (ते स्वतः मुंबई इंडियन्सचे भक्त.) खरं सांगायचं तर मलाही वाईट वाटलंय, पण ते बोलायची लाज वाटते. त्याला काय सांगू? जर्सीचं काय करू? आणि वेगासचा संघ टोरांटोला येईल तेव्हा तो सामना त्याला दाखवू की नको?

उत्तर : तुमच्या यजमानांपासून सुरुवात करते, कारण त्यांचा प्रश्न वाटतो तितका फालतू नाही. मामा लागत नाही, बरोबर. पण मामा वर्षातून किती वेळा भेटतो? तो होता तेव्हा लीफ्सचे एका मोसमात साधारण ८२ सामने असायचे, प्लेऑफ वेगळे. म्हणजे ऑक्टोबर ते एप्रिल मार्नर तुमच्या दिवाणखान्यात आठवड्यातून तीनदा यायचा. २०१६ मध्ये तो आणि मॅथ्यूज एकाच मोसमात लीफ्सकडून खेळायला लागले, तेव्हा तुमचा लेक तीन वर्षांचा असेल. ही जोडी नसलेले लीफ्स त्यानं पाहिलेच नाहीत. आणि यजमानांना एकदा प्रेमानं विचारा की डिसेंबर २०२३ मध्ये रोहितचं कर्णधारपद काढून हार्दिकला दिलं, त्या आठवड्यात ते घरी कसे वागत होते. वानखेडेवर स्वतःच्याच संघाच्या कर्णधाराची हुर्यो उडवणाऱ्यांपैकी कुणाचाही रोहित मामा लागत नव्हता.

मी कॅल्गरीत राहते. शाळांमध्ये समुपदेशक म्हणून वीसेक वर्षं काढली आणि हॉकी खेळणाऱ्या मुलाची आई म्हणून जवळजवळ तितकीच. गावाचं नाव मुद्दाम सांगितलं, कारण लाडकी माणसं जाण्याचा अनुभव या गावाला भरपूर आहे, आणि पुढे जे लिहिणार आहे त्यातलं बरंचसं मी आधी चुकून शिकले आहे.

पहिली चूक २०१३ ची. आमचा कर्णधार जरोम इगिन्ला. सोळा वर्षं कॅल्गरीचा. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. २७ मार्चच्या रात्री बातमी आली की इगिन्ला बोस्टनला चालला. मुलाला कसंबसं झोपवलं. सकाळी उठून बघतो तर तो बोस्टनला नाही, पिट्सबर्गला गेला होता! रात्रभरात शहर बदललं. मुलगा इतकंच म्हणाला, "त्याला तरी माहीत होतं का, कुठे जातोय ते?" मी समुपदेशक बाई, रोज दुसऱ्यांच्या मुलांचं ऐकून घेणारी, आणि घरात मी काय केलं? जर्सी महागाची होती, म्हणून शिवणाच्या डब्यातलं उसवायचं हत्यार घेतलं आणि पाठीवरचं नाव उसवायला बसले. म्हटलं दुसऱ्या कुणाचं तरी नाव शिवून घेऊ, पोरगं विसरेल. तासभर बसून अक्षरं काढली. जर्सी उलटी करून धरली तर टाक्यांच्या भोकांमध्ये 'इगिन्ला' जसंच्या तसं वाचता येत होतं. मुलानं ती हातातून घेतली, अंगात घातली आणि पुढचं वर्षभर तशीच वापरली. दुसरं नाव शिवू दिलं नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याला बदली माणूस नको होता. त्याला माणूस गेल्याचं कुणीतरी मान्य करायला हवं होतं, आणि मी ते उसवत बसले होते.

दुसरी गोष्ट आम्हा समुपदेशकांच्या खोडीबद्दल. मूल एका गोष्टीसाठी रडलं की आम्ही लगेच शोधायला लागतो, हे नक्की कशासाठी रडतंय. शाळा बदलली का, मित्र दुरावला का, आईबाबांचं काही बिनसलंय का. कधीकधी ते खरं निघतं. पण हॉकीच्या बाबतीत माझा अनुभव असा, की दहातल्या नऊ वेळा मूल मार्नरसाठी रडत असतं तेव्हा ते मार्नरसाठीच रडत असतं. खणत बसू नका. "तुला नक्की कशाचं वाईट वाटतंय?" असं तीनदा विचारलं की मुलाला वाटायला लागतं, हॉकीचं वाईट वाटणं पुरेसं नाही, काहीतरी मोठं कारण द्यायला हवं. हे दुःख हॉकीचं आहे, त्याला हॉकीतच वाट करून द्या. टीव्ही बंद करून त्याला चित्रकलेच्या वर्गाला घालू नका.

आता त्याला वाईट नेमकं कशाचं वाटतंय, ते बघू. मार्नर काही संपला नाही. वेगासकडून खेळणार, १६ ऐवजी ९३ नंबर घालणार, आठ वर्षांचा करार, वर्षाला १ कोटी २० लाख डॉलर. मॅथ्यूजही आहेच. दोघंही धडधाकट, दोघंही श्रीमंत. मग गेलं काय? जी गोष्ट गेली ती कुणाच्याच करारात नव्हती. बर्फावरच्या हॉकीत तीन आघाडीच्या खेळाडूंची एक 'लाइन' असते, ती पाऊण-एक मिनिट बर्फावर जाते, दमते, परत येते, दुसरी जाते. त्या पाऊण मिनिटात विचार करायला वेळ नसतो. मार्नर भिंतीकडे तोंड करून पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) घेतो आणि मागे न बघता जिथे सोडतो तिथे मॅथ्यूजची काठी आधीच टेकलेली असते. हे दोघांनी हजारो वेळा केलं म्हणून होतं. मॅथ्यूजनं २०२३-२४ मध्ये ६९ गोल केले, ते एकट्याचे म्हणून नोंदले गेले; पण तुमच्या लेकाला विचारा, त्याला पास दिसते. खूप पाहणाऱ्या मुलांना आधी पास दिसते आणि मग गोल. जोडी तुटते तेव्हा तो बघायला शिकलेला असतो तीच गोष्ट पडद्यावरून नाहीशी होते. म्हणून तो जुने तुकडे लागले की उठतो. त्याला नावड नाही, त्याला ते फार स्पष्ट दिसतंय.

म्हणून त्याच्याशी बोलायचं असेल तर "कसं वाटतंय?" असं विचारू नका. बारा वर्षांचा मुलगा त्यावर "ठीक" म्हणेल आणि विषय संपेल. "त्या दोघांचा तुझ्या मते सगळ्यात भारी गोल कुठला?" असं विचारा. मग गप्प बसा. तो तुम्हाला कागदावर रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, काढून दाखवेल. माझ्या खोलीत एका मुलीनं असाच एक गोल काढून दाखवला होता. चार बाण, दोन फुल्या, आणि गोलकीपरचा एक पाय चुकीच्या बाजूला. पंधरा मिनिटं बोलत होती. शेवटी कागद घडी करून दप्तरात ठेवला आणि म्हणाली, "आता असं कोणी करणार नाही." मी "करतील गं" म्हणाले नाही. दोन वर्षांपूर्वी म्हणाले असते.

मुलं आणखी एक प्रश्न हमखास विचारतात : ते दोघं अजून मित्र आहेत का? याला गोडगोड उत्तर देऊ नका. माहीत नसलेली गोष्ट माहीत असल्यासारखी सांगितली की मुलांना वास येतो. जे घडलेलं आहे ते सांगा. हॉकीतला दादा खेळाडू वेन ग्रेट्झ्की १९८८ मध्ये एडमंटनहून लॉस एंजेलिसला गेला, तेव्हा त्याच्या उजव्या बाजूला खेळणारा यारी कुरी मागे राहिला. १९९१ मध्ये तोही लॉस एंजेलिसला पोचला. एडमंटनमधलाच त्याचा दुसरा सोबती मार्क मेसिए आणि ग्रेट्झ्की १९९६-९७ चा एक मोसम न्यूयॉर्कमध्ये पुन्हा एकत्र खेळले. असं होतं कधीकधी. बहुतेक वेळा होत नाही. आणि दोन जिवलग खेळाडूंची आख्खी कारकीर्द एकाच संघात जावी अशी खात्री हवी असेल, तर जुळं जन्मावं लागतं : स्वीडनचे सेडिन बंधू १९९९ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नव्या खेळाडूंची पाळीपाळीनं निवड करतात त्यात) लागोपाठ दुसरे-तिसरे निवडले गेले, तेही व्हँकुव्हरच्या व्यवस्थापकानं आधी खटपटी करून दोन्ही क्रमांक मिळवले म्हणून, आणि २०१८ ला निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. हे सांगितल्यावर माझ्याकडची बहुतेक मुलं हसतात.

त्याला एक गोष्ट आठवणीनं दाखवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये बोस्टनला चार देशांच्या स्पर्धेची अंतिम फेरी झाली, त्यात मॅथ्यूज अमेरिकेचा कर्णधार होता आणि मार्नर कॅनडाकडून होता. कॅनडाच्या मॅकडेव्हिडनं ओव्हरटाइममध्ये सामना संपवला तो मार्नरच्या पासवर. म्हणजे आपली जोडी समोरासमोर उभी राहिलेली त्यानं पाहिली आहे, आणि त्या रात्री तो बहुधा नाचला असेल. त्यातून काही निष्कर्ष काढून देऊ नका. नुसतं आठवू द्या.

आता खलनायकाकडे येते. कारण तुमच्या पत्रात नसलं, तरी घरात एव्हाना एखादा तयार झालाच असेल. काही मुलं खेळाडूला शिव्या देतात, काही व्यवस्थापकाला, काही प्रशिक्षकाला. एडमंटनमध्ये ९ ऑगस्ट १९८८ ला ग्रेट्झ्कीचा सौदा जाहीर झाला तेव्हा लोकांनी मालकाचा पुतळा जाळला, आणि एका खासदारानं सरकारनं हा सौदा थांबवावा अशी मागणी केली. ग्रेट्झ्कीच्या नव्या लग्नावरही खापर फोडलं, कारण बायको अमेरिकन अभिनेत्री आणि लग्नाला महिनाही झाला नव्हता. सौद्यात दीड कोटी डॉलर रोख होते, हे मात्र हळूहळू लक्षात आलं.

माझा उपाय कोरडा वाटेल, पण मी तो इतक्या मुलांवर वापरला आहे की आता त्यावर विश्वास आहे : कागद-पेन्सिल घेऊन हिशोब करायला बसा. उत्तर अमेरिकेच्या लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर वरची मर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. २०२४-२५ मध्ये ती ८ कोटी ८० लाख डॉलर होती. या पैशात तेवीसेक खेळाडू बसवायचे. आता लीफ्सचे चार महागडे खेळाडू लिहायला सांगा : मॅथ्यूज १ कोटी साडेबत्तीस लाख, नीलँडर १ कोटी १५ लाख, टवारेस १ कोटी १० लाख, मार्नर १ कोटी ९ लाख आणि वर थोडे. चौघांची बेरीज? साडेचार कोटींच्या वर जाते. निम्म्याहून जास्त पैसे चौघांत. उरलेल्या एकोणीस जणांना उरलेले. मे २०२५ मध्ये प्लेऑफमधला फ्लोरिडाविरुद्धचा सातवा सामना लीफ्स घरच्या मैदानावर १-६ हरले, तेव्हा हा कागद व्यवस्थापनाच्या टेबलावर होताच.

पुढचा टप्पा त्याला आवडेल, कारण त्यात डावपेच आहेत. मार्नरचा करार १ जुलैला संपणार होता. संपला असता तर तो फुकट निघून गेला असता आणि लीफ्सच्या हाती शून्य. पण तेव्हा नियम असा होता, की स्वतःचा संघ खेळाडूला आठ वर्षांचा करार देऊ शकत होता, परका संघ सातच. म्हणून लीफ्सनं त्याच्याशी आठ वर्षांचा करार केला आणि लगेच वेगासला देऊन टाकला. बदल्यात निकोलस रुआ मिळाला. मार्नरला एक वर्ष जास्त, लीफ्सना एक सेंटर (लाइनमधला मधला खेळाडू). आणि मार्नरच्या करारात 'माझ्या मर्जीशिवाय मला हलवता येणार नाही' असं कलम होतं, जे साधारण सत्तावीस वर्षांचं झाल्यावर किंवा सात मोसम खेळल्यावरच मिळू शकतं. म्हणजे तो गेला त्यात त्याची मर्जी होती. हे मुलाला टोचेल. टोचू द्या. "त्याला जायचं होतं" हे वाक्य "त्याला हाकललं" यापेक्षा कडू आहे, पण या हिशोबानंतर ते निदान समजतं.

हिशोबाचा उपयोग काय? राग जात नाही. पण तो एका माणसावरून उठून एका व्यवस्थेवर जाऊन बसतो, आणि व्यवस्थेवरचा राग रात्री झोपू देतो. टोरांटोत २०२५ च्या उन्हाळ्यात राग माणसावरच राहिला : मार्नरच्या घराबाहेर चोवीस तास सुरक्षारक्षक ठेवावे लागले, असं त्यानं स्वतः सांगितलं. मुलाच्या फोनमध्ये असलं काही येत असेल तर त्याबद्दल बोला. स्टेडियममध्ये हुर्यो उडवणं हॉकीत बसतं, माणसाच्या घराचा पत्ता पसरवणं बसत नाही. बारा वर्षांच्या मुलाला ही रेघ सांगितली की कळते. तसंच अफवांची खाती दोन-तीन आठवडे बंद. "मॅथ्यूजही जाणार" अशी बातमी दर चार दिवसांनी कुणीतरी सोडतंच, आणि प्रत्येक वेळी जखम पुन्हा उघडते. मार्चमध्ये सौद्यांची मुदत संपते त्या दिवशी इथल्या वाहिन्या सकाळपासून रात्रीपर्यंत नुसती बडबड करतात, निवडणुकीच्या मतमोजणीसारखी. तोवर तो सावरलेला असेल. नसला तर त्या दिवशी त्याला बर्फावर पाठवा.

एक गोष्ट सांगू नका : "बघ, यातून चांगलंच होईल." होतं कधीकधी. आमचा इगिन्ला मुळात कॅल्गरीला आला कसा? १९९५ च्या डिसेंबरात जो न्यूएन्डाइक डॅलसला गेला, त्या सौद्यात. न्यूएन्डाइक हा १९८९ चा स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकून देणाऱ्या संघातला लाडका, गाव हळहळलं. ज्या पोराचं नाव कुणाला धड उच्चारता येत नव्हतं तो पुढे सोळा वर्षं आमचा झाला. गोष्ट खरी आहे, पण ती खरी व्हायला दहा वर्षं लागली. डिसेंबर १९९५ मध्ये कुणी रडणाऱ्या मुलाला ती सांगितली असती तर त्यानं काठी फेकून मारली असती.

कोलोरॅडोच्या चाहत्यांकडे बघा. मिको रांटानेन आणि नेथन मॅकिनन, २०२२ चा कप एकत्र जिंकलेले. २४ जानेवारी २०२५ ला रांटानेनला कॅरोलिनाला दिलं. तिथे तो रमला नाही. सहा आठवड्यांत, ७ मार्चला, डॅलसला. आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत समोर कोण? कोलोरॅडो. सातव्या सामन्यात शेवटच्या सत्रात कोलोरॅडो २-० नं पुढे होतं. मग रांटानेननं एकट्यानं तीन गोल केले आणि जुन्या संघाला घरी पाठवलं. मॅकिनन समोरच्या संघात होता. मी डेन्व्हरमधल्या एका मैत्रिणीला दुसऱ्या दिवशी फोन केला. ती म्हणाली, "तिसरा गोल झाला तेव्हा मी ओरडले, आणि कुठल्या बाजूनं ओरडले ते मलाच कळलं नाही." तुमच्या लेकाला सांगायचं असेल तर हे सांगा. दोन्ही बाजूंनी ओरडता येतं. बोस्टनच्या लोकांनी तर जाहीरच केलं होतं : वीस वर्षं त्यांचा असलेला रे बोर्क २००० मध्ये कोलोरॅडोला गेला, पुढच्या वर्षी तिथे कप जिंकला, आणि तो कप घेऊन बोस्टनला आला तेव्हा नगरभवनासमोरच्या चौकात हजारो माणसं जमली. परक्या संघाच्या कपासाठी!

आता जर्सी. ती तुम्ही पिशवीतून काढलीत हे उत्तम केलंत. ती धुवा, घडी करा आणि कुठेतरी अशी ठेवा की मुलाला सापडेल, पण रोज दिसणार नाही. त्याला "मी वाचवली" असं सांगून उपकार दाखवू नका. नाव उसवू नका (!). नवी जर्सी आणू नका, निदान या मोसमात तरी. जर्सीबद्दलचा कुठलाही निर्णय एक मोसम पुढे ढकला, एवढाच माझा नियम आहे, आणि त्यामागे एक गोष्ट आहे.

२०२१-२२ मध्ये कॅल्गरीची पहिली लाइन होती जॉनी गॉड्रो, एलियास लिंडहोम, मॅथ्यू कचक. तिघांनीही चाळीस किंवा जास्त गोल केले. असली लाइन आयुष्यात एकदा बघायला मिळते. माझा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता, मिशी फुटलेली, भावना वगैरे काही नसणारा. त्या जुलैमध्ये करार संपल्यावर गॉड्रो आपणहून कोलंबसला गेला. नऊ दिवसांनी कचकनंही राहायला नकार दिला होता म्हणून त्याला फ्लोरिडाला दिलं. तिघांतला एक उरला, आणि दीड वर्षानं तोही गेला. मुलगा काहीच बोलला नाही. १३ नंबरची गॉड्रोची जर्सी तळघरातल्या खोक्यात गेली. रात्री त्याच्या खोलीतून जुन्या सामन्यांच्या समालोचनाचा आवाज यायचा, दार वाजवलं की बंद. यावेळी मी शहाणी झाले होते. काही उसवलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये गॉड्रो कोलंबसकडून सॅडलडोमवर, म्हणजे आमच्या कॅल्गरीच्या स्टेडियमवर, खेळायला आला. सुरुवातीला टाळ्याही पडल्या, पण त्याच्याकडे पक गेला की स्टेडियम हुर्यो उडवायचं, आणि माझ्या मुलानंही उडवली. मी शेजारीच बसले होते.

२९ ऑगस्ट २०२४ ला न्यू जर्सीत सायकल चालवत असताना गाडीनं धडक दिली आणि जॉनी गॉड्रो आणि त्याचा भाऊ मॅथ्यू, दोघंही गेले. दुसऱ्या दिवशी बहिणीचं लग्न होतं. मुलगा तेव्हा विद्यापीठात होता. दुपारी घरी आला, सरळ तळघरात गेला, खोकं उघडलं. त्यावेळी सॅडलडोमच्या पायऱ्या फुलांनी, काठ्यांनी, लाल जर्स्यांनी आणि जांभळ्या गेटोरेड पेयाच्या बाटल्यांनी भरल्या होत्या, कारण ते त्याला आवडायचं. मुलगा जर्सी घालून गेला आणि घालूनच परत आला. त्या हुर्योबद्दल तो कधी बोलला नाही. मीही काढलं नाही.

यातून "हुर्यो उडवू नका, कोण कधी जाईल सांगता येत नाही" असा अर्थ कृपा करून काढू नका. असलं ओझं कुठल्याही मुलाच्या डोक्यावर ठेवू नये. मला फक्त खोक्याचं महत्त्व सांगायचंय. जर्सी घरात होती म्हणून तो खाली जाऊ शकला.

तुमच्याबद्दल एक. तुम्हाला लाज वाटते असं लिहिलंत. इथे आलेल्या कितीतरी आया मला सांगतात की हॉकी त्या मुलामुळे शिकल्या : आधी पक कुठे आहे तेच दिसत नव्हतं, मग एका हिवाळ्यात दिसायला लागला. ज्या खेळाडूमुळे तो दिसायला लागला, तो जातो तेव्हा वाईट वाटणारच. मुलासमोर एकदा म्हणून टाका, "मलाही आवडायचा रे तो." याहून जास्त नको. घरात आपण एकटेच वेडे नाही हे त्याला कळलं की निम्मं काम होतं, आणि बाबांचा तो 'मामा'चा विनोदही मग त्याला सहन होतो.

काळजी कधी करायची तेही थोडक्यात सांगते. पहिले दोन-तीन आठवडे चिडचिड, न जेवणं, मित्रांशी वाद हे चालतं. शाळा सुरू होऊन महिना झाला तरी झोप बिघडलेली असेल, स्वतः खेळायला जाणंही सोडलं असेल, किंवा ज्या गोष्टींचा हॉकीशी संबंध नाही त्यांतूनही मन उडालं असेल, तर शाळेतल्या समुपदेशकाला भेटा. तेव्हा मात्र खणायची वेळ आली असं समजा. स्वतः खेळत असेल, तर मला फारशी चिंता वाटत नाही.

आणि शेवटचा प्रश्न, वेगासचा सामना. दाखवा. दुसऱ्या विभागातला संघ असल्यामुळे वेगास मोसमात एकदाच टोरांटोला येईल, म्हणजे संधीही एकच. लोक काय करतील ते आधी सांगता येत नाही. ग्रेट्झ्की लॉस एंजेलिसचा झाल्यावर १५ ऑक्टोबर १९८९ ला एडमंटनमध्येच त्यानं गॉर्डी हाउचा १८५० गुणांचा विक्रम मोडला, एडमंटनविरुद्ध, आणि तेच गाव उभं राहून टाळ्या वाजवत होतं. यजमान संघाच्या वतीनं भेटवस्तू द्यायला पुढे आला तो मेसिए. इगिन्ला पिट्सबर्गनंतर शेवटी बोस्टनलाच गेला, आणि डिसेंबर २०१३ मध्ये बोस्टनकडून कॅल्गरीला आला तेव्हा सामना आम्ही हरलो आणि तरी लोक उठेनात. शेवटी त्यानं बर्फावर एक फेरी मारली. माझा आठ वर्षांचा मुलगा भोकांची जर्सी घालून खुर्चीवर उभा होता. गॉड्रोचं मी सांगितलंच. टोरांटोत दोन्ही आवाज एकदम येतील असा माझा अंदाज. तुमचा लेक त्यातला कुठला काढेल ते त्याला आत्ता ठरवायला लावू नका, आणि त्यानं जो काढला त्यावर नंतर चर्चासत्र भरवू नका.

तिकिटं त्या रात्री परवडणार नाहीत, त्यामुळे घरीच बघाल. बाबांनाही बसवा. जुन्या खेळाडूसाठी संघ चित्रफीत दाखवणार असेल, तर ती बहुतेक वेळा पहिल्या सत्रातल्या पहिल्या जाहिरातींच्या विश्रांतीत लागते, सात-आठ मिनिटं खेळ झाल्यावर. तेव्हा चहा टाकायला उठू नका.